फोटोतल्या माणसासमोर बसताना

पेन्सिलीला टोक इतक्यात काढू नका. आधी ज्यावरून चित्र काढायचं तो पणजोबा-पणजीचा जुना फोटो समोर ठेवा. उजेड डावीकडून येईल असे खिडकीपाशी बसा, म्हणजे उजव्या हाताची सावली कागदावर पडणार नाही. फोटो अल्बमला चिकटला असेल तर ओढू नका. मोबाइलवर टिपून प्रत काढा.

आता नुसतं बघा. चेहऱ्याकडे शेवटी जा. आधी कडा, जिथे चांदी वर येऊन निळसर चकाकते. मग स्टुडिओतला रंगवलेला पडदा, खुर्चीचा हात, त्यावरची पणजोबांची बोटं. सैल आहेत की खुर्ची घट्ट धरून आहेत? इथे थोडं थांबा. तेव्हाच्या निगेटिव्हची काच मंद, उजेड बेताचा; फोटोग्राफर सांगेल तोवर न हलता बसावं लागे. घरात ‘पणजोबा भारी कडक’ असं सांगत आले, त्यातलं किती पणजोबांचं आणि किती त्या काही सेकंदांचं, कोण जाणे.

शेजारी पणजी. तिच्या कपाळाकडे या. कुंकू काळं आहे. १९२०च्या आसपासपर्यंत स्टुडिओंत सर्रास असलेल्या काचांना लाल रंग जवळपास दिसतच नसे. लाल ते काळं उतरे. ओठ म्हणूनच इतके गडद. अंगावरचं काळं लुगडंही कदाचित लालभडक असेल. पेन्सिलीकडेही लाल नाही. तरी ते कुंकू भरताना लाल आठवा. हात जरा सावकाश फिरेल, इतकंच.

मग गाल. फारच गुळगुळीत वाटतात ना? स्टुडिओत रिटचिंग करणारा असे. काचेच्या निगेटिव्हवर तो बारीक टोकाच्या पेन्सिलीने ठिपके देई. तिथे छापताना उजेड अडे आणि प्रतीत तेवढा भाग उजळ येई. सुरकुत्या, देवीचे वण असे नाहीसे होत. म्हणजे तुमच्याआधी या चेहऱ्यावर एक पेन्सिल फिरून गेली आहे. तिने घालवलेलं तुम्ही परत आणायचं का? पणजीला पाहिलेलं माणूस घरात असेल तर त्याला विचारा. नसेल तर गाल आहे तसा राहू द्या. अंदाजाने घातलेली सुरकुती ही थापच.

आता टोक काढा. एचबीने, हलक्या हाताने सुरुवात करा. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. नवखा हात त्यांना हटकून वर नेतो. तेवढी एक आडवी रेघ मारून घ्या. मग फोटो आणि कागद दोन्ही उलटे फिरवा. पणजी नाहीशी होईल, काळे-करडे तुकडे उरतील. त्या तुकड्यांचे आकार उतरवा. कुणाचं नाक, कुणाचे डोळे, हे मनात येऊ देऊ नका. माया नंतर. काळेपणा हवा तिथे दाबू नका, पेन्सिल बदला. बी पेन्सिलीत ग्राफाइट जास्त, माती कमी, म्हणून ती आपणहून काळी उठते. दाबून घासलेलं ग्राफाइट नुसतं चमकतं.

कागद सुलट करा आणि श्वास घ्या. नथीचा मोती फोटोत पांढराफटक झाला असेल, तर तिथे कागद कोरा सोडा. खोपा अंधारात बुडाला असेल, तर केस मोजत बसू नका. घरचं कुणीतरी म्हणेल, जरा हसरी काढ की! काढू नका. तिचं हसू तुम्ही पाहिलेलं नाही.

फ्रेमवाल्याकडे जाण्याआधी मूळ फोटो पालथा करून बघा, मागे नाव आहे का. नसेल तर घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला आजच विचारा आणि मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहून ठेवा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूने उमटतो.