मागची बाजू

सौंदर्य ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असं सांगणारी माणसं मला शिक्षकी पेशात पुष्कळ भेटली. बहुतेक सज्जन होती. दहावीचं वर्ष आलं की चित्रकलेचा तास गणिताला द्यावा, शिवणाचा विज्ञानाला द्यावा, असं त्यांचं म्हणणं. आमच्या सीमाभागातल्या मुलांना मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तीन ओझी वाहून शेवटी नोकरीच शोधायची असते, हे खरं असल्यामुळे त्यांच्याशी भांडणंही जड जाई. पण ही मुलं ज्या घरांतून येत, त्या घरांच्या उंबऱ्यापुढे रोज सकाळी रांगोळी असे. शहापूर-वडगावच्या विणकर गल्ल्यांत मागांचा खडखडाट सुरू व्हायच्या आत सडा पडलेला असे. ती घरं काही पोट भरून उरलेली नव्हती. आणि ती रांगोळी दुपारपर्यंत सायकलींच्या चाकांखाली जाणार, हेही तिथल्या बायकांना ठाऊक होतंच.

आपल्याकडे सौंदर्यावर भारदस्त ग्रंथ झाले. मर्ढेकरांचं ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ मधलं, रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ १९७४ मधली. मी दोन्ही वाचले. काही पानांनी घरात घेतलं, काहींनी अंगणातच उभं केलं. लयीचे संवाद, विरोध आणि समतोल हे मर्ढेकरांचे तीन नियम मला खऱ्या अर्थानं उमगले ते मात्र कसूतीच्या कापडावर.

धारवाडकडची ही कसूती आपल्या भागात कुणाला नवी नाही. ‘कै’ म्हणजे हात, आणि सूत, अशी या शब्दाची फोड सांगतात. इरकल लुगड्याच्या पदरावर, लग्नातल्या काळ्या चंद्रकळेवर, खणाच्या चोळीवर, बाळाच्या कुंचीवर गोपुरं, रथ, हत्ती, तुळशीवृंदावनं भरायची. नक्षी आधी कापडावर छापायची नाही. विणीचे धागे मोजत सुई चालवायची. गवंती, मुरगी, नेगी, मेंथी हे तिचे चार टाके. त्यांतल्या गवंतीचा मला विशेष लळा. जाताना सुई एक टाका घालते, एक जागा मोकळी सोडते. म्हणजे जाताना अर्धीच रेघ. परत येताना त्या मोकळ्या जागा भरायच्या, तेव्हा ती पुरी होते. धागा निघाला तिथे परत आला पाहिजे, म्हणून निघण्याआधीच यायची वाट मनात आखावी लागते. मोजताना एक धागा इकडचा तिकडे झाला की गोपुराचा कळस जुळत नाही. गाठ मारायची नाही. नेगी-मेंथीचं सोडा, पण गवंती आणि मुरगीत कापडाची मागची बाजू पुढच्यासारखीच दिसली पाहिजे.

शिवणाच्या तासाला एका मुलीनं मला विचारलं होतं, “बाई, मागनं कोण बघतंय?”

या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं निरनिराळी उत्तरं देऊन पाहिली. देव बघतो, हे सगळ्यांत सोपं. ते मी मुलांना कधी दिलं नाही. तपासणीस येणार म्हणून भिंतींना चुना काढणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. देवाला त्या कामाला लावणं मला प्रशस्त वाटत नाही. दुसरं उत्तर व्यवहाराचं. पदर वाऱ्यानं उलटतो, खांद्यावरून पुढे घेतला तर त्याची आतली बाजू दिसते. म्हणून दोन्ही बाजू सारख्या हव्यात. हे उत्तर मला आवडतं, कारण त्यात उपयोग आणि सौंदर्य एकाच दारातून येतात. पण मग चोळीचं काय? तिची मागची बाजू अंगालाच लागलेली असते, तरी टाका तोच.

तिसरं उत्तर मला सुईनंच दिलं. गवंतीत मागच्या बाजूचं असं वेगळं कामच नसतं. पुढची रेघ नीट गेली आणि नीट परतली, की मागची आपोआप उमटते. भरणारी बाई मागच्या बाजूसाठी काही जास्तीचं पुण्य करत नसते. ती मोजते आहे, इतकंच.

यावरून कुणी म्हणेल की सुंदर काम करणारा माणूस आतून-बाहेरून एकसारखा होतो. माझा अनुभव तसा नाही. सुरात तसूभर न चुकणारे आणि घरी बायकोशी धड न बोलणारे लोक मी पाहिलेत. हाताची शिस्त स्वभावात उतरतेच, असं मी मुलांना शिकवलं नाही, शिकवणारही नाही.

आणि एक बोच राहतेच. टॉलस्टॉयच्या ज्या पुस्तकाचा साने गुरुजींनी ‘कला म्हणजे काय?’ या नावानं अनुवाद केला, त्याच्या सुरुवातीला एका ऑपेराच्या तालमीचं वर्णन आहे. तालीम घेणारा कामकऱ्यांना आणि गायकांना शिव्या घालतो आहे, माणसं थकली आहेत. आणि लेखक विचारतो, हे सारं कशासाठी, कुणासाठी? टॉलस्टॉयची सगळीच मतं पटण्याजोगी नाहीत, शेक्सपिअरवर तर तो उगाचच रागावला. पण हा प्रश्न कसूतीलाही विचारावा लागतो. काळ्या चंद्रकळेवर काळेच धागे मोजायचे, म्हणजे डोळ्यांतलं तेल जाळायचं. एकेका पदराला कित्येक दुपारी जातात. आपण तिला ‘गृहकला’ म्हणून गौरवतो, आणि घरातली म्हटली की मोल द्यायची गरज संपते. रांगोळीचंही तेच. जिला ती काढावीशी वाटते तिची गोष्ट वेगळी. पण पहाटे उठून ती काढलीच पाहिजे, असं जिला सासरी बजावलेलं असतं तिची वेगळी. दारावरून जाणाऱ्याला दोन्ही सारख्याच सुंदर दिसतात. ठिपक्यांवरून काही कळत नाही.

म्हणून सौंदर्य ही चैन आहे म्हणणाऱ्यांना मी आता निराळं उत्तर देते. चैन आहे खरी, पण कुणाच्या वेळेवर, ते आधी पाहा. ज्या मुलीनं स्वतः धागा मोजला असेल, ती मजुरीत घासाघीस करताना निदान एकदा अडखळेल, एवढ्या आशेवर मी शिवणाचा तास शेवटपर्यंत गणिताला दिला नाही.

मशीनवरची कसूती आता सगळीकडे मिळते. ती मागून उलटून पाहिली की लगेच ओळखू येते. मी एका दुकानात पदर असा उलटून पाहत होते, तेव्हा दुकानदार कौतुकानं म्हणाला, “बाई जाणकार दिसता.” पदर हातचा होता. भरणारीला याचे किती मिळाले, असं मी विचारलं. त्यानं गल्ल्यावरच्या मुलाकडे पाहिलं, मुलानं त्याच्याकडे, आणि मग दोघांनी मिळून मला दुसरा रंग दाखवायला घेतला.