प्रत आणि ठेव

लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची दुसरी प्रत करून ठेवावी, हा उपदेश अलीकडे घरोघर ऐकू येतो. व्यवहारापुरता तो निर्विवाद आहे. फिरत्या तबकडीची डिस्क आपटली की निकामी होते, आणि तबकडी नसलेली नवी डिस्क कित्येकदा कसलीही पूर्वसूचना न देता बंद पडते. परंतु ह्या साध्या उपदेशाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. जे आपल्याजवळ आहे त्याची प्रत आपण कोणासाठी करतो? स्वतःचा संग्रह अबाधित राहावा म्हणून, की ती वस्तू आपल्याकडे कोणाची तरी ठेव आहे म्हणून? ह्या प्रश्नाच्या उत्तरावर प्रत कशाची करावी व कोठे ठेवावी हेही अवलंबून राहते.

प्रती दोन प्रकारच्या होतात. एकीला क्लोन म्हणतात. तीत संपूर्ण डिस्क जशीच्या तशी उतरते. नवी डिस्क यंत्रात बसविली की यंत्र पूर्ववत चालू लागते; मात्र जुने दोष, शिरलेला विषाणू आणि वर्षानुवर्षांचा केरही त्याबरोबर येतो. दुसरी ती बॅकअपची प्रत. तीत आपण निवडलेल्या फाइली ठराविक दिवशी बाजूला काढून ठेवलेल्या असतात. पहिलीस विचार लागत नाही, वेळ लागतो. दुसरीस वेळ थोडा पुरतो, पण विचार करावा लागतो.

तेव्हा श्रेष्ठ कोणती? निवडीच्या बाजूने मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांचे (१८५८–१९२४) उदाहरण देता येईल. शाळेतील शिक्षकाची नोकरी सांभाळून त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रे वाचली, निवडली आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या खंडांमागून खंडांत छापून काढली. त्यांनी नुसती नक्कल केली नाही. प्रत्येक कागदाच्या महत्त्वाचा निर्णय केला. परंतु ह्याच उदाहरणातून उलट बाजूही निघते. ती पत्रे लिहिणाऱ्या कारकुनांस आपण इतिहास लिहीत आहोत असे स्वप्नातही वाटले नसेल. त्यांच्या धन्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे ‘निरुपयोगी’ रुमाल जाळून टाकले असते, तर खरेशास्त्र्यांस निवडावयास उरले काय असते? सरसकट राखण्यात आळस असतो हे खरे. पण पुढील पिढीस काय हवे असेल हे आपणांस कळत नाही, ही नम्रताही त्यात असू शकते. म्हणून क्लोनला हिणवू नये. त्याने निवडीचे काम संपले, असे मात्र समजू नये.

हुबेहूब प्रत म्हणजे जतन, हा समज किती अपुरा आहे हे समर्थ रामदासांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ओळखले होते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षराचे वळण, बोरू, शाई, पोथीची बांधणी ह्या सर्वांचा त्यात विचार आहे, आणि तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही, अशी एक सूचनाही आहे. ही सूचना आज आपल्यालाच केल्यासारखी वाटते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी श्रीलिपी किंवा शिवाजी ह्यांसारख्या फॉन्टांत टंकलेल्या मराठी फाइली अनेकांपाशी आहेत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्यांची रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसते. फाइलीतील एकही खूण गळालेली नसते, तरी मजकूर हरवलेला असतो. ह्यास्तव त्या युनिकोडमध्ये उतरवून ठेवणे हेही प्रत करण्याइतकेच कर्तव्य होय. त्याचप्रमाणे, जी प्रत कधी उघडून पाहिली नाही तिच्यावर विसंबणे ही श्रद्धा झाली, सावधगिरी नव्हे.

आता स्थळाचा प्रश्न. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई-कऱ्हाडावरून सांगलीस येते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. २००५ व २०२१ सालीही शहराने महापूर पाहिला. अशा वेळी लॅपटॉप ज्या कपाटात, त्याच कपाटाच्या खणात ठेवलेली प्रत काय कामाची? जाणते लोक सांगतात की प्रती तीन असाव्यात, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक निराळ्या गावी असावी. पहिल्या दोन अटी पैशाने साधतात. तिसरीस मात्र दुसरा माणूस किंवा दुसरी संस्था लागते, म्हणजे विश्वास लागतो.

दासबोध टिकला तो ह्याच तिसऱ्या अटीने. शके १६०३ मध्ये समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला. परंतु ग्रंथ गडाच्या भिंतींत कोंडलेला नव्हता. मठोमठी त्याच्या प्रती झाल्या होत्या. कल्याणस्वामींच्या हातची प्रत डोमगावच्या मठात राहिली, आणि तिच्याच आधारे धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९०५ मध्ये ग्रंथ छापला. साताऱ्याच्या गडावरचे धन परांड्याकडच्या एका मठाने राखले व खानदेशातील एका गृहस्थाने सर्वांच्या हाती दिले.

ह्यावर कोणी म्हणेल, आमच्या फाइली म्हणजे काही दासबोध नव्हे. शिवाय त्यांत खाजगी पत्रे व हिशेब असतात, ते परक्याच्या हाती कसे द्यावे? दुसऱ्या शंकेस यंत्रशास्त्राने उत्तर दिले आहे. प्रत कुलूपबंद करून देता येते. राखणाऱ्यास ती वाचता येत नाही. मात्र किल्ली कोठे आहे हे घरातील एका तरी माणसास सांगून ठेवले पाहिजे, नाहीतर आपल्या मागे ती प्रत असून नसल्यासारखीच. पहिल्या शंकेचे उत्तर असे की, वडिलांचे छायाचित्र, आजीने सांगितलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण, संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्धा झालेला प्रबंध, ह्यांपैकी एकही गोष्ट एकट्या यंत्रमालकाची नसते. त्यांवर भावंडांचा, पुढच्या मुलांचा आणि कधी कधी अनोळखी वाचकाचा हक्क असतो.

संग्रहाचा मोह हा दोष आहे, हे आपल्या सर्व संतांनी सांगितले आहे. पण मोही मनुष्य वस्तू कवटाळून बसतो, आणि ज्याला तिची ठेव म्हणून जाणीव आहे तो तिची प्रत दुसऱ्यास सोपवितो. आपली प्रत आपल्यापासून लांब, आपल्या सत्तेबाहेर ठेवण्यास जो तयार झाला, त्याने ती आपल्यासाठी राखलेली नाही हे उघड आहे. म्हणून सांगलीकराने आपली एक प्रत साताऱ्याच्या बहिणीकडे ठेवावी, आणि तिची आपल्याकडे ठेवून घ्यावी.