स्नेहावाचून यंत्र सुटत नाही

हरिभक्तपरायण सज्जनहो, बंद पडलेली वस्तू निराळी आणि नाश पावलेली वस्तू निराळी. व्यवहारात मात्र आपण दोहोंना एकाच मापाने मोजतो आणि दोहोंची रवानगी भंगारात करतो. हा घोटाळा वस्तूच्या बाबतीत झाला तर चार पैशांचे नुकसान. माणसाच्या बाबतीत झाला तर ते नुकसान कोणत्या वहीत मांडावे? या महिन्याच्या निरूपणात एवढ्या एकाच भेदाचा विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठी दृष्टांत घेतला आहे तो एका जुन्या मोटारगाडीचा.

येथे कोणी शंका घेईल की, महाराज, विठोबाच्या दारात मोटार कशाला आणली? समाधान असे की, दृष्टांतासाठी संत कधी लांब गेले नाहीत. गोरोबाकाका कुंभार, सावता महाराज माळी, नरहरी महाराज सोनार, सेना महाराज न्हावी. ज्याच्या हातात जे हत्यार होते, त्यातूनच त्याने परमार्थ सांगितला. मग फिटरच्या हातातल्या पान्यानेच काय पाप केले आहे?

ही गाडी म्हणजे १९६८ सालची फियाट अकराशे. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही मूळची इटलीची गाडी तयार होऊ लागली. १९७४ साली हिचेच नाव पद्मिनी झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत जो बसला असेल, त्याची आणि हिची ओळख आहेच. २००० सालाच्या सुमारास कारखान्यातून हिचे बाहेर पडणे थांबले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाल्या.

आम्ही सांगतो ती गाडी एका तालुक्याच्या गावच्या डॉक्टरांची. रात्री-अपरात्री अडलेल्या बाळंतिणींना घेऊन ती धावलेली. १९९८ साली डॉक्टर वारले आणि गाडी परसातल्या पत्र्याच्या शेडखाली जी उभी राहिली, ती २०२२ पर्यंत तशीच. चोवीस पावसाळे तिने अंगावर काढले. सप्ताहानिमित्त आमचा मुक्काम त्या घरी होता, तेव्हा दोघा भावांत तिच्यावरून बोलणे चालले होते. थोरला म्हणे, "भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ." धाकटा म्हणे, "दादा, ट्रॅक्टर लावून ओढू. गियरमध्ये टाकून क्लच सोडला की इंजिन फिरायलाच पाहिजे." ट्रॅक्टर दारात येऊन उभाही राहिला. तेवढ्यात बोलावलेले म्हातारे मिस्त्री आले. गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "धाकटे मालक, भंगारात दिली तर ती परक्याच्या हातानं मरंल. ट्रॅक्टर लावला तर तुमच्या हातानं मरंल."

सज्जनहो, मिस्त्री असे का म्हणाले, हे नीट समजून घ्यावे. पुढचा सगळा सिद्धांत यावर उभा आहे. या इंजिनात बिडाचा एक ठोकळा, म्हणजे ब्लॉक असतो. त्यात चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, आणि त्यात पिस्टन ७५ मिलिमीटर खालीवर धावतो. पिस्टनला बारीक कड्या असतात, त्यांना रिंगा म्हणतात. रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा इतका पातळ थर असतो की डोळ्यांना दिसत नाही. पण सगळे चालणे त्याच्या जीवावर. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की ते तेल हळूहळू खाली उतरते. इंजिन थांबते तेव्हा एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. त्या वाटेने पावसाळ्याची दमट हवा आत शिरते. रिंगही लोखंडी, भिंतही लोखंडी. दोहोंना मिळून गंज चढतो आणि दोन्ही एकमेकांना धरून बसतात. चारही पिस्टन एकाच क्रँकला जोडलेले असल्यामुळे एक अडला की चारही अडतात. मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार या चौघांचेही असेच आहे. एकटा अहंकार गंजला तरी बाकीचे तिघे जागचे हलत नाहीत.

अशा इंजिनाला ट्रॅक्टरने ओढले तर काय होते? सगळा जोर त्या धरलेल्या रिंगेवर येतो. रिंग तुटते, तिचा तुकडा भिंतीला चरे पाडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. जे इंजिन नुसते अडकले होते ते खरोखरीच नष्ट होते, आणि ओढणारा वर म्हणतो, "पाहा, मी सांगितले नव्हते, यात काही राम नाही!"

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी एवढेच केले. चार प्लग काढले, त्या भोकांतून डिझेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण ओतले, आणि घरी गेले. दोन दिवसांनी आले, पुन्हा तेल ओतले, पुन्हा गेले. पाण्याच्या वाटेने गरम पाणी फिरवून ब्लॉकला ऊब दिली. त्याने आतला गाळही सुटला. असे तीन आठवडे चालले. शेजारी हसत, "मिस्त्री मजुरी वाढवतोय."

आता येथे शब्दाचा विचार करू. आपल्या संस्कृतात तेलाला स्नेह म्हणतात आणि मायेलाही स्नेहच म्हणतात. अडकलेले सोडवण्याचे सामर्थ्य दोहोंत सारखे. आयुर्वेदात शरीरातला दोष बाहेर काढावयाचा तर आधी स्नेहन, मग स्वेदन आणि त्यानंतर शोधन, असा क्रम सांगितला आहे. आधी तेलाने मऊ करणे, मग उष्णतेने सैल करणे, आणि मळ सुटा झाल्यावर तो काढणे. चिकटलेला दोष तसाच ओढला तर दोषाबरोबर देहही फाटेल. मिस्त्रींनी आयुर्वेद वाचला नव्हता. पण क्रम मात्र तोच धरला होता.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी क्रँकच्या पुढच्या नटाला लांब पाना लावला आणि अगदी हलका जोर देऊन पाहिला. केसभर हलले. धाकटा ओरडला, "फिरवा, फिरवा!" मिस्त्रींनी उलट ते मागे घेतले. थोडे पुढे, थोडे मागे. जरा अडले की जोर न वाढवता परत मागे, आणि पुन्हा तेल. संध्याकाळपर्यंत क्रँकचा एक फेरा पुरा झाला.

मग इंजिन उघडले. हेड अल्युमिनियमचे, ते गार असताना आणि नट ठरल्या क्रमाने थोडे थोडे सैल करीतच काढावे लागते, नाहीतर वाकते. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीला गंजाचे कडे दिसले. तेथे गंज इतका खोल गेला होता की नुसते पुसून भागणारे नव्हते. ब्लॉक मशिनशॉपमध्ये नेऊन चारही सिलिंडर बोअर करावे लागले, म्हणजे भिंत एकसारखी कातून माप थोडे वाढवावे लागले, आणि त्या मापाचे पिस्टन घालावे लागले. जुने माप परत आले नाही, हे ध्यानात ठेवावे. नवे माप धरून नवी जोडी जमवली गेली. बेअरिंगे नवी घातली. प्रत्येक रॉडला आणि त्याच्या टोपीला मिस्त्रींनी आधीच खुणा केल्या होत्या. ज्याची टोपी त्यालाच बसवावी लागते. दिसायला सारख्या असल्या तरी एकीची दुसऱ्याला बसवली की बेअरिंग गेलेच. कार्बुरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता, तो धुऊन काढला. रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, कारण आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि आपल्याच उसापासून होणारे हे इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही.

इंजिन जोडून झाले, तरी मिस्त्री ते सुरू करीनात. आधी ब्रेक उघडले. थोरल्याने विचारले तेव्हा म्हणाले, "मालक, चालायच्या आधी थांबता आलं पाहिजे." यंत्र हा शब्दच मुळी आवरणे, नियमात ठेवणे या अर्थाचा आहे. नियमावाचून नुसता वेग म्हणजे यंत्र नव्हे, अपघात होय.

शेवटी प्लग न लावता इंजिन फिरवत राहिले, ते तेल वाहिन्यांतून सगळीकडे पोचून तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले, लहान डब्यातून ताजे पेट्रोल दिले, आणि इंजिन धडधडले. पण त्याबरोबर मागून इतका धूर आला की परसात काही दिसेना. थोरला म्हणाला, "संपलं! पैसे पाण्यात गेले." मिस्त्री हसले. "मालक, आत ओतलेलं तेल जळतंय ते. धुराला भिऊन बंद करू नका." काही मिनिटांत धूर विरळ झाला. पुढे ५०० किलोमीटर गाडी जपून हाकायची, ओझे घालायचे नाही, पण एका जागी नुसती चालू ठेवायचीही नाही. नव्या रिंगा भिंतीशी घासून बसण्यासाठी हलके काम लागतेच. मग तेल बदलायचे. शोधनानंतर रोग्याला लगेच पुरणपोळी देत नाहीत. आधी पेज, मग दाट पेज, मग भात. तोच हा संसर्जनक्रम.

हा दृष्टांत झाला. आता दार्ष्टांतिक.

प्रत्येक गावच्या कीर्तनात एक माणूस मंडपाच्या अगदी शेवटी, चपलांपाशी बसलेला असतो. कधीकाळी त्याच्या गळ्यात माळ होती. वारी होती, एकादशी होती. मग घरात एखादे मरण आले, कर्ज झाले किंवा दारूची संगत लागली, माळ तुटली. कोणी पाडले असे नव्हे, तो नुसता उभा राहिला. उघड्या राहिलेल्या वाटेने दमट हवा शिरली आणि गंज चढला. आता तो परत आला आहे. पुढे येण्याची त्याची छाती नाही.

अशा वेळी आम्ही वारकरी काय करतो? बहुधा दोनच गोष्टी. थोरल्यासारखे म्हणतो, "तो? तो गेलेला आहे, त्याचे नाव काढू नका." नाहीतर धाकट्यासारखा ट्रॅक्टर लावतो. भरल्या सभेत उभे करतो, चुका कबूल करवतो, त्याच दिवशी माळ घालायला लावतो, आणि आजपासून सगळे नियम एकदम पाळ, म्हणून शपथ घेववतो. आठ दिवसांत रिंग तुटते. तो पुन्हा पितो, आणि या खेपेस शरमेने कायमचा तोंड लपवतो. मग आम्हीच म्हणतो, "सांगितले नव्हते?"

भाविकहो, ज्या घरात असा मुलगा आहे, असा भाऊ आहे, त्यांनी क्रम धरावा. आधी स्नेह. त्याला जेवायला वाढताना टोचून बोलू नये. काही आठवडे त्याच्याकडून कशाचीही अपेक्षा न करता त्याच्याशी बोलावे; तेल आत उतरायला वेळ लागतो. मग हलका पाना. "चल, आज हरिपाठाला नुसता बस." बसला तर बरे, दुसऱ्या दिवशी नाही आला, तर जोर वाढवू नये, एक पाऊल मागे घ्यावे. सुटला असे दिसले, की मग दोष उघडून पाहावा. व्यसन शरीरात भिनले असेल तर वैद्याकडे न्यावे. जे काम मशिनशॉपचे, ते अंगणात होत नाही. तो पूर्वीसारखाच व्हावा, हा हट्ट धरू नये. नव्या मापाने त्याची घडी बसेल. दुसऱ्याच्या मुलाची टोपी त्याला घालू नये. परत येताना धूर निघेल, रडेल, चिडेल, जुने उकरून काढील. त्या धुराला भिऊ नये.

येथे एक शंका राहते. ब्लॉकला खोल तडा गेला, तर कितीही तेल ओतून इंजिन जगत नाही. मग काही माणसेही तशी असतील? समाधान असे की, दृष्टांत एकदेशी असतो, तो सर्वांगी लावू नये. लोखंडाला तडा जातो; देहालाही जातो, आणि काही देह वाचतही नाहीत, हे खरे. पण जीव हा देवाचा अंश, त्याला तडा जात नाही, हा आमचा सिद्धांत आहे. तो खरा मानत असाल, तर कोणालाही भंगार म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आणखी एक फरक सांगून थांबतो. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरच्या खाजगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामापुरतीच रस्त्यावर आणायची. गाडीला हे ठीक आहे. परत आलेल्या माणसाला मात्र प्रदर्शनात ठेवू नये. "पाहा, हा कसा सुधारला," म्हणून त्याला मिरवू नये. त्याला रोजचे काम द्यावे. दिंडीत पाण्याची घागर द्यावी, टाळ द्यावा, पंगतीत वाढायला उभे करावे. चालती गाडी गंजत नाही.

या सप्ताहात कीर्तन संपले की उठताना एकवार मागे चपलांकडे पाहावे. कोणी बसलेला दिसला तर काही विचारू नये. "या माउली, प्रसाद घेऊन जा," एवढेच म्हणावे. पहिल्या दिवसाला तेवढे तेल पुरे.

रामकृष्णहरि.