गाळलेल्या जागेत कोण बोलतं?

आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला चिनी मुलं ‘आयी’ म्हणतात. अर्थ मावशी, काकू. यीवूला राहायला गेले त्याच आठवड्यात समोरच्या दारातली मुलगी मला जिन्यात ‘आयी’ म्हणाली आणि मी सांगलीची बाई, पटकन ‘ओ’ देऊन बसले. माझा मुलगा तेव्हा पुण्यात वसतिगृहात होता. तिला म्हणायचं होतं एक, मला ऐकू आलं दुसरं, आणि हाक मात्र नीट पोचली.

यीवू हे झेजियांग प्रांतातलं घाऊक बाजाराचं शहर. बटणापासून नाताळच्या झाडापर्यंत सगळं तिथे मिळतं, आणि आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची तिथे कायम ये-जा असते. माझे यजमान मुंबईच्या गिऱ्हाइकांसाठी माल निवडून, मोजून, कंटेनर भरून पाठवायचे. २०१४ ते २०१८ आम्ही तिथे होतो. मुलीच्या आईवडिलांचा बाजारात बटणांचा आणि चेनचा गाळा होता. ती माणसं मूळची शेजारच्या जियांगशी प्रांतातली. मुलगी बारा वर्षांची होईपर्यंत तिकडे खेड्यात आजीजवळ वाढली होती. मी शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं आहे हे कळल्यावर तिची आई एका संध्याकाळी आजीच्या गावची संत्री घेऊन आली आणि मोबाइलवर भाषांतर करून करून तिने विचारलं, की हिला परीक्षेपुरतं इंग्रजी बघाल का? मी हो म्हटलं. पैसे घेतले नाहीत, संत्री घेतली.

ती परीक्षा म्हणजे गाओखाओ, चीनमधली विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा. दरवर्षी ७ आणि ८ जूनला. एकूण ७५० गुण, त्यांतले १५० इंग्रजीचे. झेजियांगमध्ये २०१६ पासून इंग्रजीचा पेपर वर्षातून दोनदा देता येऊ लागला होता आणि दोन्हींतले चांगले गुण धरले जात. तिच्या वेळच्या पेपरात ३० गुणांचं ऐकणं, ३५ गुणांचं वाचन, मग वीस गाळलेल्या जागांचा एक उतारा, प्रत्येक जागेला चार पर्याय. मग दहा गाळलेल्या जागांचा दुसरा उतारा, त्यात पर्याय नाहीत; कंसात क्रियापदाचं मूळ रूप दिलेलं असतं, किंवा तेही नसतं. शेवटी ४० गुणांचं लेखन. म्हणजे १५० पैकी ४५ गुण निव्वळ गाळलेल्या जागांचे. तिची टेबलाखालची जागा सराव-पेपरांच्या गठ्ठ्यांनी भरलेली असायची.

१९५३ मध्ये विल्सन टेलर या अमेरिकन अभ्यासकाने उताऱ्यातले शब्द गाळून ते वाचकाकडून भरून घेण्याची पद्धत मांडली. अपुरी आकृती मन आपसूक पुरी करतं, या मानसशास्त्रातल्या विचारावरून त्याने तिला नाव दिलं. मला ती पद्धत ओळखीची वाटली. बी. ए.ला संस्कृत घेतलं होतं, तेव्हा अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ अभ्यासाला होता. वाक्याचा अर्थ कळायला आकांक्षा, योग्यता आणि संनिधी लागतात, असं तो सांगतो. गाय, घोडा, माणूस, हत्ती अशी नुसती रांग लावली तर वाक्य होत नाही. एका शब्दाला दुसऱ्याची ओढच नाही. विस्तवाने शिंपायला सांगितलं तर ओढ आहे, पण विस्तवाची ती योग्यता नाही. ‘गाय’ आत्ता म्हटलं आणि ‘आण’ एका प्रहराने, तर संनिधी नाही. चार पर्यायांतले तीन का चुकीचे, हे मी त्या मुलीला याच कसोट्या लावून शिकवलं. हा शब्द पुढच्या शब्दाला धरत नाही. हा धरतो, पण अर्थाने बसत नाही. तिला ते पटायचं. एकदा म्हणाली, “आयी, तुमच्याकडे हे किती वर्षांपूर्वी लिहिलं?” मी म्हटलं, हे पुस्तक चारेकशे वर्षांचं असेल, विचार त्याहून पुष्कळ जुना.

‘द’ आणि ‘अ’ने मात्र आम्ही दोघी सारख्याच हैराण व्हायचो. चिनीत तशी उपपदं नाहीत, मराठीतही नाहीत. ‘दार उघड’ म्हटलं की कुठलं दार ते आपल्याला कळतं, तिलाही कळतं. त्या जागी इंग्रजी एक छोटा शब्द मागतं आणि परीक्षा त्याचा दीड गुण ठेवते. मी नियम सांगायचे. पण खरं सांगायचं तर बावीस वर्षांनंतरही तिथे माझा हात क्षणभर थांबतो.

शब्दांचं पाठांतर वेगळं. साडेतीन हजार शब्दांची यादी असते आणि वर्णक्रमाने लावलेल्या बहुतेक पुस्तकांत पहिल्या पानावर ‘अबॅन्डन’ भेटतो. पाठांतर सुरू करणारं प्रत्येक मूल सगळ्यात आधी ‘सोडून देणे’ शिकतं. तिच्या पुस्तकात त्याचे चिनीत दोन अर्थ दिले होते: बेत सोडून देणे आणि माणसाला टाकून जाणे. एक दिवस वहीतून मान वर न करता तिने विचारलं, “आई-बाबा यीवूला आले आणि मी आजीकडे राहिले, तिथे हा शब्द चालेल का?” मी म्हटलं, नाही. टाकून जाणारा परत येत नाही. ते पोटासाठी आले आणि पुढे तुलाही घेऊन आले, तिथे साधं ‘लीव्ह’ येईल. तिने मान हलवली आणि पुढचा शब्द घेतला. यादीतल्या शब्दाला तोवर माणूस नव्हतं. तिने तो स्वतःच्या आयुष्याशी लावून पाहिला तेव्हा कुठे त्याला योग्य-अयोग्य असं काही होता आलं.

इथून मला तात्पर्याची काळजी लागली. नैयायिक, म्हणजे अन्नंभट्टासारखे न्यायशास्त्राचे पंडित, तात्पर्यही मोजतात: बोलणाऱ्याला काय म्हणायचं आहे. ‘सैंधव’ म्हणजे मीठही आणि घोडाही. जेवायला बसलेला माणूस ‘सैंधव आण’ म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. शब्द तेच, बोलणारा कोण आणि कुठल्या घडीला बोलतो यावर सगळं. मग प्रश्नपत्रिकेतलं वाक्य कोण बोलतं? तिथे कुणी जेवायला बसलेलं नाही, कुणी प्रवासाला निघालेलं नाही. ज्याने ते लिहिलं त्यालाही ते कुणाला सांगायचं नव्हतं. त्याला फक्त एक जागा गाळायची होती.

लेखनाच्या प्रश्नात तर याहून विचित्र गोष्ट आहे. पत्र लिहायचं असतं आणि प्रश्नाची सुरुवात बहुधा ठरलेली: समजा, तुम्ही ली हुआ आहात. ली हुआ परदेशी मित्राला सहलीला बोलावतो, शिक्षकांची माफी मागतो, चहाबद्दल सांगतो. वर्षानुवर्षं चीनभरातली लाखो मुलं एकाच तासाला, एकाच नावाने, कधीही न पोचणारं पत्र लिहितात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. अठराव्या वर्षी, आयुष्याच्या एवढ्या मोठ्या दिवशी, मुलांना दुसऱ्याच कुणाच्या नावाने बोलायला लावायचं! मी हे तिच्या वडिलांजवळ बोलले. ते शांतपणे म्हणाले, “नाव लिहिलं तर आमची मुलगी कुठली, कुणाची, हे कळेल. मग तिला कोण गुण देईल?”

या उत्तराने मला गप्प केलं. चीनमध्ये राजदरबारच्या परीक्षा सुमारे तेराशे वर्षं चालल्या, १९०५ मध्ये त्या बंद झाल्या. सोंग राजवटीत उमेदवाराचं नाव कागद चिकटवून झाकत, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकून सगळी उत्तरपत्रिका पुन्हा नकलून काढत. परीक्षकाच्या हाती ती नक्कल जाई. मोठ्या घरचा मुलगा आणि शेतकऱ्याचा मुलगा त्या कागदावर सारखे दिसावेत म्हणून एवढी खटपट. ली हुआ त्याच घराण्यातला. ज्या समाजात आडनावावरून माणूस तोलला जातो त्या समाजातून मी आलेली आहे. नाव झाकण्यात किती मोठी करुणा असू शकते हे मला कुणी परक्याने सांगायला नको होतं.

म्हणजे पेच असा, की न्याय करायचा तर माणूस पुसावा लागतो आणि अर्थ कळायचा तर माणूस लागतो. परीक्षेला न्याय हवा. भाषेला अर्थ हवा. आणि दोन्ही एकाच कागदावर.

हा पेच जिवावर बेततो तेही चीनने पाहिलं आहे. १९७३ च्या जुलैत, हनान प्रांतातल्या तांगह परगण्यात, एका शाळकरी मुलीने इंग्रजीची उत्तरपत्रिका कोरी ठेवली आणि मागच्या बाजूला काही ओळी लिहिल्या: मी चिनी आहे, परकी भाषा मला कशाला हवी, अशा आशयाच्या. शाळेत तिला सगळ्यांसमोर बोलणी बसली. तिने तलाव जवळ केला. ती पंधरा वर्षांची होती. पुढे त्या मरणाचं राजकारण झालं आणि मुख्याध्यापक व वर्गशिक्षक तुरुंगात गेले. मी शिक्षिका आहे, म्हणून मला दोन्ही बाजू डोळ्यांपुढे दिसतात. त्या पेपरावर तिने स्वतःहून, मनापासून लिहिलेल्या ओळी तेवढ्याच होत्या. त्यांत तात्पर्य होतं. तपासणाऱ्याला त्यांचं काय करावं ते कळलं नाही, कारण गुण द्यायची जागा कागदाच्या पुढच्या बाजूला होती. त्या गावातल्या मोठ्या माणसांनी तो कागद उलटून, मुलीला एकटीला जवळ बसवून, काय म्हणायचं आहे बाळ, एवढं विचारायला हवं होतं. माझं हे मत ठाम आहे.

बरेच दिवस मी या निष्कर्षावर होते, की ज्याला बोलणारा नाही ते वाक्यच नव्हे, आणि परीक्षेतलं इंग्रजी ही मुळात भाषाच नाही. पण मग वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक आठवले. त्यांच्या मते वेदाला कर्ताच नाही. नैयायिकांसारखा ईश्वरही ते तिथे बसवत नाहीत. तरीही वेदवाक्याला अर्थ आहे, कारण शब्दात ते सामर्थ्य आहेच आणि ऐकणारा ती आज्ञा आपली मानून उठतो. बोलणारा नसला तरी चालेल, उचलून घेणारा हवा. माझ्यासारख्या देवभोळ्या बाईला मीमांसकांचा हा कोरडेपणा कधी आवडला नव्हता. यीवूतल्या स्वयंपाकघरात, त्या मुलीच्या वहीवर वाकलेली असताना, तो मला पहिल्यांदा पटला. ली हुआ कुणीच नाही, म्हणून तर तिला त्यात शिरता येत होतं. चहाबद्दलच्या पत्रात ती आजीच्या गावचा चहा लिहायची, डोंगरामागच्या वाटेसकट. परीक्षकाला त्यातलं काही कळणार नव्हतं. तिला कळत होतं.

आता त्या एका वाक्याबद्दल. २०१७ च्या शरद ऋतूतला सराव-पेपर. वाक्य असं, की माझी आजी या गावात साठ वर्षं ____. पर्यायांत ‘लिव्ह्ड’ आणि ‘हॅज लिव्ह्ड’ दोन्ही होते. तिने ‘लिव्ह्ड’वर खूण केली. उत्तरांच्या तक्त्यात ‘हॅज लिव्ह्ड’ होतं. मी समजावलं: ‘लिव्ह्ड’ म्हटलं तर आजी आता तिथे नाही, गाव सोडलं किंवा जग सोडलं. ‘हॅज लिव्ह्ड’ म्हणजे साठ वर्षं झाली, अजून राहतेय. मी म्हटलं, चिनी क्रियापद बदलत नाही म्हणून तुला अवघड जातंय. ती म्हणाली, “नाही आयी, आमच्याकडेही आहे.” आणि तिने दोन वाक्यं म्हणून दाखवली. पहिल्यात क्रियापदामागे एक ‘ल’ होता. दुसऱ्यात तो होताच, शिवाय वाक्याच्या अगदी शेवटी आणखी एक ‘ल’. तो शेवटचा ‘ल’ असला की आजी अजून तिथे आहे. नसला की बहुधा नाही. एवढासा हलका उच्चार, श्वासासारखा. तिने पहिली खूण खोडून दुसरीवर केली. वाक्य काढणाऱ्याने आजी जिवंत धरली होती आणि तिची आजीही जिवंत होती, म्हणून उत्तर जुळलं. व्याकरणाने पाहिलं तर दोन्ही पर्याय चालतात. मी तिला तेव्हा हे सांगितलं नाही; परीक्षा तोंडावर होती.

२०१८ च्या चिनी नववर्षाला, फेब्रुवारीत, ती माणसं गावी गेली ती आजीच्या अंत्यविधीलाच पोचली. परत आल्यावर मुलगी आठवडाभर माझ्याकडे आली नाही. मग आली आणि न बोलता पेपर काढून बसली.

८ जूनच्या सकाळी तिची आई लाल छीपाव, म्हणजे पारंपरिक चिनी झगा, घालून निघाली. मुलांना यश यावं म्हणून पुष्कळ आया त्या दिवशी तसं करतात. त्याआधी ती विद्येच्या देवतेला, वनचांगला, उदबत्ती लावून आली होती. काय मागितलंस, असं मी विचारलं. म्हणाली, “तिला जे येतं ते तिला त्या वेळी आठवू दे.” मी इतक्या वर्षांत परीक्षेआधी गणपतीपुढे पुष्कळ काही मागितलं आहे, पण इतकं रास्त कधी मागितलं नव्हतं. दुपारी इंग्रजीचा पेपर झाला. ऐकण्याचा भाग चालू असताना शाळेभोवतीच्या रस्त्यावर हॉर्न बंद होते. एवढ्या गजबजलेल्या शहरात मला फक्त झाडावरचे किडे ऐकू आले.

आम्ही त्याच महिन्यात आवराआवर करत होतो. रद्दीत घालण्याआधी मी तिचे गठ्ठे चाळले, तेव्हा तो शरदातला पेपर हाती आला. ‘हॅज लिव्ह्ड’वरची खूण पेन्सिलने खोडलेली होती आणि ‘लिव्ह्ड’वर पुन्हा केलेली होती. शेजारी फेब्रुवारीतली तारीख. तक्त्याप्रमाणे ते उत्तर चूक होतं. ‘तर्कसंग्रहा’त म्हटलं आहे, की लौकिक वाक्य आप्ताने उच्चारलेलं असेल तरच प्रमाण, आप्त म्हणजे जसं आहे तसं सांगणारा. मराठीत आप्त म्हणजे घरचं माणूस.

मी लाल पेन शोधलं आणि तिथे बरोबरची खूण केली.