वसंत आणि भय

संस्कृत काव्याने वसंताचे जे चित्र आपल्या मनावर कोरून ठेवले आहे त्यात आम्रमंजरी आहे, कोकिळेचे कूजन आहे, मलयानिल आहे आणि मदनाचा संचार आहे. आणि सुबत्तेच्या त्या चित्रावर पोसलेले आपले मन युरोपच्या उत्तर टोकावरील प्राचीन केल्टिक व नॉर्स समाजांच्या वसंतोत्सवांकडे वळते तेव्हा तेथेही पुष्पे, नृत्य आणि प्रणय यांचेच राज्य असेल असे गृहीत धरून चालते. परंतु आयर्लंड, स्कॉटलंड, आइसलंड आणि स्वीडन या देशांतून जे दस्तऐवज आपल्यापर्यंत पोहोचले आहेत ते बारकाईने वाचले म्हणजे या उत्सवांच्या मुळाशी आनंदाहूनही भय अधिक असल्याचे ध्यानात येते. आणि त्या भयाला सबंध गावाने मिळून दिलेले सुव्यवस्थित उत्तर म्हणजेच हे उत्सव होत, असे माझे निश्चित मत आहे.

याचे कारण तेथील भूगोलात आहे. उत्तरेकडे वसंत हा टंचाईचा ऋतू. धान्याच्या कणग्या तळाला लागलेल्या, गवताच्या गंजी संपत आलेल्या आणि कुरणे अद्याप हिरवी व्हायची असतात. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात अठराव्या शतकापर्यंत हिवाळाभर अर्धपोटी राहिलेली गुरे वसंतात इतकी क्षीण होत, की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून त्यांना अक्षरशः उचलून उभे करावे आणि कुरणापर्यंत पोहोचवावे लागे. दिवस मोठा होत आहे, बर्फ वितळत आहे, आणि नेमक्या अशाच वेळी, घास तोंडाशी आलेला असताना, गोठ्यातले जनावर दगावण्याची धास्ती सर्वांत मोठी. अशा उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ऋतूचे सौंदर्य दिसत नसेल असे नाही. पण सौंदर्याची स्तुती करण्यापूर्वी त्याला अभय हवे असते.

केल्टिक वर्षातील वसंताचा पहिला उत्सव इम्बोल्क हा १ फेब्रुवारीच्या सुमारास, म्हणजे मेंढ्यांना पान्हा फुटू लागतो त्या दिवसांत येतो. कॅशेलचा राजा आणि बिशप कॉर्मक याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्राचीन आयरिश कोशात ब्रिगिड या देवतेची नोंद आहे. ती कवींची आराध्यदेवता, आणि त्याच नावाच्या तिच्या दोन बहिणींपैकी एक वैद्यकाची, दुसरी लोहारकामाची. पुढे ख्रिस्ती आयर्लंडने हाच दिवस किल्डेअरच्या संत ब्रिगिडचा म्हणून पाळला. आदल्या रात्री घराबाहेर एक वस्त्र टाकून ठेवावे, ब्रिगिड रात्री गावातून जाते तेव्हा त्याला तिचा स्पर्श होतो, आणि मग वर्षभर आजारी माणसाच्या कपाळी किंवा अडलेल्या गाईच्या पाठीवर तेच वस्त्र ठेवावे, असा प्रघात तेथील खेड्यांतून चालत आला. बाराव्या शतकात आयर्लंडचा प्रवास करणारा वेल्सचा धर्मपंडित जेराल्ड सांगतो, की किल्डेअरच्या मठात एक अग्नी अखंड तेवत असे. एकोणीस जोगिणी पाळीपाळीने एकेक रात्र त्याची राखण करीत आणि विसावी रात्र खुद्द ब्रिगिडवर सोपवीत. अग्नी विझू नये ही चिंता आणि ती चिंता वाटून घेण्याची ही व्यवस्था, दोन्ही मला सारख्याच अर्थपूर्ण वाटतात.

मे महिन्याच्या पहिल्या दिवशी येणारा बेल्टेन हा गुरे उन्हाळी कुरणांकडे हाकण्याचा मुहूर्त. द्रुइड पुरोहित या दिवशी मंत्रघोष करीत दोन अग्नी पेटवीत आणि वर्षभराच्या रोगराईपासून रक्षण व्हावे म्हणून गुरे त्यांच्यामधून हाकली जात, असे कॉर्मकचा कोश सांगतो. पुढे कित्येक शतकांनी, १७६९ साली, थॉमस पेनंट हा निसर्गाभ्यासक स्कॉटलंडमध्ये हिंडत असता त्याने नोंदवलेला गुराख्यांचा बेल्टेन तर विशेष मननीय आहे. गुराखी जमिनीत चौकोनी चर खणीत, मधली हिरवळ तशीच राखून तिच्यावर अग्नी पेटवीत, अंडी, लोणी, ओटचे पीठ आणि दूध यांची खीर शिजवीत व तिचा काही भाग प्रथम भूमीला अर्पण करीत. मग प्रत्येकाच्या हाती ओटची एक जाड भाकर येई, आणि तिच्यावर नऊ चौकोनी उंचवटे असत. अग्नीकडे तोंड करून एकेक उंचवटा मोडायचा आणि खांद्यावरून मागे टाकायचा. टाकताना म्हणायचे, हा तुला, माझे घोडे सांभाळ. हा तुला, माझ्या मेंढ्या राख. रक्षकांचे देणे संपले की तोच विधी भक्षकांसाठी होई: हा कोल्ह्याला, माझी कोकरे सोड, हा कावळ्याला, हा गरुडाला.

या विधीत मला एक गंभीर तत्त्वज्ञान दिसते. कोल्ह्याचा समूळ नाश व्हावा अशी मागणी येथे नाही. तो राहणारच हे मान्य करून, त्याचा हिस्सा आधीच त्याच्या पदरात टाकून केलेला हा तह आहे. संरक्षकाइतकाच शत्रूही सृष्टीचा हक्कदार मानणारी ही वृत्ती दुबळेपणातून आलेली नाही. निसर्गाशी रोज गाठ पडणाऱ्या माणसाचा तो व्यवहारसिद्ध विवेक आहे.

नॉर्स परंपरेकडे वळले की सूर पालटतो, पण मूळ चिंता तीच राहते. तेथे वर्षाचे हिवाळा आणि उन्हाळा असे दोनच भाग, आणि आपण ज्याला वसंत म्हणू तो उन्हाळ्याचा आरंभ. तेराव्या शतकातील आइसलंडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसन याने तीन यज्ञांची वहिवाट नॉर्स दैवतांचा प्रमुख ओडिन याने घालून दिल्याचे म्हटले आहे: हिवाळ्याच्या आरंभीचा चांगल्या वर्षासाठी, मध्य हिवाळ्यातील पिकांसाठी आणि उन्हाळ्याच्या आरंभीचा विजयासाठी. समुद्र मोकळा झाला म्हणजे गलबते लोटायची, आणि गेलेली सर्व माणसे परत येतीलच याचा भरवसा नाही. म्हणून हा विजययज्ञ. उलट आइसलंडच्या शेतकऱ्याची अपेक्षा साधी होती. उन्हाळ्याच्या आदल्या रात्री तो पाण्याचे भांडे बाहेर ठेवी. सकाळी पाणी गोठलेले आढळले तर दोन ऋतू एकत्र गोठले, म्हणजे यंदा दूध दाट, असा शकुन मानला जाई. उन्हाळ्याचा हा पहिला दिवस, म्हणजे एप्रिलच्या १९ ते २५ तारखांमध्ये येणारा गुरुवार, आइसलंडमध्ये आजही सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. स्वीडनमधील उप्सालाचा मोठा यज्ञही स्नोरीच्याच वृत्तांतानुसार हिवाळा सरत असताना होई, आणि त्याच वेळी तेथे बाजार व न्यायसभा भरत. ख्रिस्ती धर्म आला, यज्ञ बंद पडला, बाजार आणि सभा मात्र चालू राहिल्या.

हे वृत्तांत लिहिणारे बहुतेक ख्रिस्ती होते, हे विसरता कामा नये; मूळ विधी जसेच्या तसे आपल्या हाती आलेले नाहीत, आणि त्यांची आजची पुनरुज्जीवनेही अर्वाचीनच आहेत. आज ख्रिस्तपूर्व धर्म पुन्हा आचरू पाहणारी नव-पेगन मंडळी वर्षाच्या ज्या आठ उत्सवांचे चक्र पाळतात त्याची एकत्र मांडणी विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये झाली. आइसलंडमधील प्राचीन धर्माची पुनःस्थापना करणारी संघटनाही १९७२ साली, उन्हाळ्याच्या त्याच पहिल्या दिवशी, जन्मास आली. या अर्वाचीनतेमुळे त्यांचे मोल कमी होते असे मी मानीत नाही. काळाचा हिशेब चुकला तरी दृष्टी मोलाची असू शकते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. लोकमान्य टिळकांनी १९०३ च्या आपल्या आर्यांच्या ध्रुवप्रदेशीय वसतिस्थानावरील ग्रंथात केल्टिक व नॉर्स कथांचा पुरावा घेतला. त्यांचा निष्कर्ष विद्वानांनी पुढे स्वीकारला नाही, तरी दैवतकथा वाचताना त्या मुलखातील रात्रीची लांबी आणि उजेडाची ओढ ध्यानी घ्यावी, ही त्यांची दृष्टी मोलाची होती. उत्सवाचा अधिकार त्याच्या वयावर अवलंबून नसतो. तो कोणत्या गरजेला उत्तर देतो यावर अवलंबून असतो.

आणि ती गरज संपलेली नाही. कोल्हा आणि गरुड गेले, पण आजार, बेकारी आणि वियोग यांचे भय घराघरांत आहे. फरक इतकाच, की आज प्रत्येक जण ते एकट्याने सोसतो. स्कॉटलंडचा गुराखी आपल्या भयाचे नाव अग्नीसमोर, सर्वांच्या कानांवर पडेल असे घेत असे, आणि आपल्या शेजाऱ्याचे भयही आपल्यासारखेच आहे हे त्याला त्याच वेळी कळत असे. ज्या समाजात चारचौघांत भयाचा उच्चार करण्याची रीत उरली नाही, त्याच्या पंचांगात उत्सव कितीही असले तरी त्यांतून त्याला धैर्य मिळत नाही. आणि धैर्य देणे हेच वसंतोत्सवाचे आद्य प्रयोजन होते.