दोघांचे बीज एकच

माउलींची पालखी आळंदीहून निघाली की विश्रांतवाडी, फुलेनगर करीत पुण्याकडे येते. वाटेच्या एका अंगाला येरवडा. महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक तिथे आहे. आमच्या दिंडीतल्या एका मायबाईचे टाळ त्या ठिकाणी दरसाल थांबतात. तिचे मुलगे जुळे, कुणाला ओळखू न येणारे. त्यांतला एक त्या रुग्णालयात आहे, दुसरा तिच्याबरोबर चालतो. गावचे लोक म्हणतात, “आज तो, उद्या हा. बीजच तसलं!” दुसऱ्याचे ठरलेले लग्न एवढ्यावरून मोडले. खरे सांगायचे तर आम्हीही मनात तेच म्हणत होतो.

पण बीज म्हणजे काय, हे आम्ही कुठे पाहिले होते? जुळी दोन तऱ्हांची. आईची दोन अंडी वेगवेगळी फळली, तर ती मुले चार भावंडांसारखीच. फक्त एका वेळची. पण एकच फळलेले अंडे पहिल्या काही दिवसांत दुभंगले, तर दोघांना तेच जनुक मिळतात. हे दुभंगणे बहुधा घराण्यातून येत नाही. ते का घडते हे शास्त्रालाही पुरते उमगलेले नाही. आणि तरीही त्या दोघांच्या बोटांचे ठसे निराळे! गर्भातली जागा, दाब, रक्ताचा पुरवठा, सारे दोघांना थोडे वेगळे लाभते.

आता त्या थोरल्याचा आजार पाहा. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता. शंभरांत सुमारे एकाला आयुष्यात कधीतरी होतो. एकबीजी जुळ्यांत एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याचा धोका पुष्कळच वाढतो, हे खोटे नाही. पण तो होतो निम्म्याहून कमी जोड्यांत. म्हणजे बीजाचा भाग आहे. मग आईच्या वळणाला वा पूर्वपापाला बोल लावणाऱ्यांनी जीभ आवरावी. पण सगळे बीजातच असते, तर दुसरा आजवर धड राहिला कसा?

आम्हाला मात्र निराळाच प्रश्न सलतो. अहो, धाकट्याने असे कोणते पुण्य केले होते? अंडे एक, घर एक, ताटातली भाकरी एक. मग आपले डोके शाबूत आहे, याची ऐट आम्ही कशाच्या जोरावर मिरवतो?

यंदा आम्ही धाकट्याला हे भीत भीत विचारले. तो हसला. म्हणाला, “बुवा, लहानपणी मास्तर त्याच्या चुकीला मला छडी मारायचे. ओळखूच यायचो नाही ना!” मग पिशवीतला धुतलेला सदरा काढून, आईला पुढे व्हायला सांगून, तो एकटाच येरवड्याच्या रस्त्याला लागला.