निकाल नाडीवर लावावा

घोड्याची नाडी जबड्याच्या हाडाखाली, आतल्या कडेला लागते. बैलाची शेपटीच्या मुळाशी, खालच्या अंगाला. पोलादपूर-महाड भागात जनावरांची डॉक्टरकी करताना माझी बोटं बहुतेक शेपटीशीच राहिली. घोडे हाताखाली यायचे ते आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलं की. तरी घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींबद्दल मी मन लावून वाचत आलो, कारण आपल्या बैलगाडा शर्यतीत मला जो प्रश्न छळतो, त्याला ती मंडळी फार आधी भिडली आहेत.

मोठी शर्यत 160 किलोमीटरची, टप्प्याटप्प्यांची. टप्पा संपला की खोगीर उतरवायचं, अंगावर पाणी मारायचं आणि ठोके मिनिटाला 64 वर आले की घोडा डॉक्टरांपुढे न्यायचा. तो तपासणीला हजर होईपर्यंत घड्याळ चालूच असतं. शेवटचा पल्ला पिटाळून वाचवलेली मिनिटं नाडी उतरायची वाट बघण्यात जातात, त्यामुळे स्वार आपणहून लगाम खेचतो. त्याला भूतदयेचं प्रवचन द्यावं लागत नाही. डॉक्टर हिरडी दाबून रंग किती वेळात परततो ते बघतात, खांद्याची कातडी चिमटीत धरतात, पोटाला नळी लावून आतड्यांचा आवाज ऐकतात, पळवून लंगडतो का ते पाहतात.

शेवटच्या टप्प्यात मात्र रेषा आधी ओलांडेल तो पहिला. तपासणीत नापास झाला तर बाद होतो, पण तोवर घोडा पिळून निघालेला असतो. वाळवंटातल्या सपाट वाटांवर वेग वाढत गेला, घोडे पाय मोडून पडले, आणि 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने अमिरातीच्या संघटनेला निलंबित केलं. 2018 ची जागतिक शर्यत अमेरिकेत ट्रायनला उष्मा आणि दमटपणामुळे अर्ध्यावर रद्द झाली. कोकणात राहणाऱ्याला याचं कारण समजावून सांगायला नको. दमट हवेत घाम निथळतो पण वाळत नाही, आणि वाळला नाही तर अंग निवत नाही.

कॅलिफोर्नियातल्या टेव्हिस शर्यतीची एक रीत मला फार आवडते. 1955 पासून ती शंभर मैलांची वाट एका दिवसात कापतात. पहिला येणाऱ्याला चषक आहेच. पण पहिल्या दहांत ज्याचा घोडा सर्वांत धडधाकट उरला, त्यालाही 1964 पासून वेगळा हॅगिन चषक मिळतो. मालकाला मिरवायला दुसरी जागा मिळाली.

आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवर 2014 ला बंदी आली, 2017 ला राज्याने कायदा बदलला, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो उचलून धरला. अंतर हजार मीटरच्या आत, चाबूक-काठी मना, विजेचा झटका मना. हे नियम मला मान्यच आहेत. पण ते सारे फितीच्या अलीकडचे. फितीपलीकडे गुलाल उधळतो, हलगी कडाडते, आणि त्या गर्दीत मी एका जिंकलेल्या बैलाची शेपटी उचलून नाडी धरली होती. बोटाखाली ठोके मोजताच येईनात, इतके एकात एक मिसळलेले. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या, तोंडाला दोरीसारखी लाळ. मालक म्हणाला, “डॉक्टर, पळाला का नाय माझा राजा?” पळाला होता. त्या माणसाचा जीव होता त्या बैलावर, यात मला तिळभर शंका नाही. फेरी जिंकल्यामुळे थोड्या वेळाने त्याला पुन्हा जुंपायचं होतं. नियमात भरत होतं तर तो का थांबेल?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जोडीने फीत ओलांडली तरी निकाल जाहीर करू नये. ठरलेल्या वेळात दोन्ही बैलांची नाडी आणि श्वास उतरला, चाल सरळ राहिली, तरच नंबर आणि तरच पुढची फेरी. घोड्याचा 64 चा आकडा इथे उचलून चालणार नाही. खिल्लारावर, आपल्या हवेत मोजूनच आपला आकडा काढावा लागेल. बक्षिसाचा एक भाग सर्वांत ठणठणीत उरलेल्या जोडीला द्यावा, तोही त्याच मंडपात, तेवढ्याच वाजतगाजत.

आयोजक म्हणतात, लोक थांबणार नाहीत. फितीवर वाद झाला की पंच मोबाइलवरचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावतात, तेव्हा अख्खं मैदान थांबतं. या हंगामात एखाद्या गावाने अंतिम फेरीपुरतं तरी हे करून पाहावं. नाडी मोजायला मी येईन.